अधिक धरून नववा

त्या वर्षी श्रावण दोनदा आला. आधी अधिक, मग निज. माझ्या पोटात पहिलं मूल होतं आणि दोन्ही घरांत एकाच प्रश्नावर मतभेद होता. अधिक महिना मोजायचा की नाही?

माझं सासर शिराळ्याच्या बाजूला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. पाळी चुकली तो पौष. तिथून त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने धरले, मधला अधिकही धरला आणि नागपंचमीच्या तोंडावर जाहीर केलं की नववा लागला. कोरेगावजवळच्या माझ्या माहेरी आईनं तेच महिने तसेच मोजले, फक्त अधिक वगळला. तिच्या हिशेबानं आठवाच चालू होता.

"अधिकात लगीन धरत न्हाईत, मुंज धरत न्हाईत, वास्तुशांत धरत न्हाईत. मग बाळंतपणातच कसा धरायचा?" हा आईचा मुद्दा.

आत्यांचं फोनवरून उत्तर आलं, "पोटातल्या पोराला अधिक कळतोय व्हय? म्हैनाभर वाढायचं थांबलं का ते?"

साताऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी तिसराच हिशेब केला होता. त्यांची तारीख सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली होती. मी साताऱ्यातल्या एका दैनिकात बातम्यांच्या डेस्कवर काम करते. तिथं सभा, मोर्चे, निकाल यांच्यासाठी पानावर आदल्या दिवशीच जागा सोडलेली असते, कारण त्यांची वेळ ठरलेली असते. डॉक्टरबाईंच्या तारखेकडेही मी तशाच नजरेनं पाहत होते. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की ही तारीख म्हणजे फक्त मधला दिवस. बाळ त्याच्या अलीकडे येतं, पलीकडे येतं, नेमकं त्याच दिवशी क्वचितच येतं. ते मी ऐकलं होतं. पण जागा सोडायची सवय जात नव्हती.

या हिशेबांवर एक गोष्ट अवलंबून होती. नवरा फौजेत. त्याचं ठाणं तेव्हा ईशान्येकडे डोंगरात होतं आणि त्या वर्षातली त्याची तीन आठवड्यांची रजा तेवढी उरली होती. ती कधी घ्यायची, हे आधी कळवावं लागणार होतं.

तो स्वतः जन्मला तेव्हा त्याचे वडीलही फौजेत होते. ते सुट्टीवर आले तोवर पोरगा अंगणात पळायला लागला होता. दारात उभ्या असलेल्या माणसाला बघून तो आईच्या मागं लपला आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांना काका म्हणत राहिला. सासरी ही गोष्ट जेवताना हसत सांगतात. ती ऐकताना नवरा हसत नाही, हे लग्नानंतर लवकरच माझ्या लक्षात आलं होतं. आपलं मूल जन्मेल तेव्हा आपण तिथं असायचं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा बोलला नाही.

आत्यांनी त्याला फोन केला. "नववा लागलाय. आता कवाबी. तू रजा टाक."

मी त्याला डॉक्टरांची तारीख सांगितली. तो म्हणाला, त्याच्या आईनं तीन बाळंतपणं केलीत. शिवाय नववा लागला म्हणजे कधीही, हे त्याच्या कंपनीतल्या सगळ्या गाववाल्यांनाही पटत होतं. त्यानं रजा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून घेतली. महिना लागणं आणि महिना भरणं यांत एक पुरा महिना असतो, हे तो माझ्या माहेरी येऊन बॅग ठेवून चहा प्यायला बसेपर्यंत कुणी बोललं नाही. ते आई बोलली.

"आवं, लागला म्हंजी सुरू झाला. भरायचा कवा? आन माज्या हिशेबानं तर अजून लागायचाय."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. डॉक्टरांची तारीख त्याच्या रजेच्या अगदी शेवटाला टेकलेली होती. बाळ तारखेच्या थोडं जरी पलीकडे गेलं, तरी तो गाडीत असणार होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात बाईची सगळी सोय पाहिलेली आहे. नवऱ्याची नाही. जावई येतो, बाळ बघतो, एखादा मुक्काम करतो आणि निघतो. तीन आठवडे राहणारा जावई आमच्या आळीनं पाहिला नव्हता. आईनं पहिल्या दिवशी पुरणपोळी केली, दुसऱ्या दिवशी शिरा, तिसऱ्या दिवशी बासुंदी. श्रावण असल्यानं मटणाची सोय नव्हती, त्यामुळे सगळा भार गोडावर आला. चौथ्या दिवशी नवरा आईला म्हणाला, "मामी, साधी भाकरी करा की."

"जावयाला भाकरी?"

"रोज खातो मी."

"रोजचं रोज. हितं पाव्हणं हायसा तुमी."

त्याच दुपारी त्यानं आपलं ताट उचललं आणि मोरीवर जाऊन घासायला घेतलं. आई धावत गेली.

"आवं, ठेवा ते ताट. कुणी बघितलं तर काय म्हणंल?"

"मामी, फौजेत मी अख्ख्या कंपनीची भांडी घासलीत."

"तितं घासा. हितं न्हाई."

ताट दोघांच्या हातात होतं. समोरच्या घरातल्या काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय फौजी, बदली हिकडंच झाली व्हय?"

"व्हय काकी. हीच पोस्ट."

"आन सायेब कोण?"

"अजून यायचाय," तो म्हणाला आणि ताट सोडून दिलं.

मग अंदाज सुरू झाले. गरोदर बाई दारात बसली की येणारा-जाणारा तिच्या पोटाकडे बघून मत देतो, आणि त्यासाठी त्याला कुणी विचारावं लागत नाही. काकींच्या मते पोट उतरलं होतं, आठवडा निघणार नव्हता. त्यांच्या जावेच्या मते पोट अजून वरच होतं. दूध घालायला येणाऱ्या बाईंनी माझी चाल पाहून दोन दिवस दिले. बाबांचा भरवसा अमावास्येवर होता. आमच्या गोठ्यातल्या म्हशी अमावास्येच्या आसपास व्यायल्या होत्या, असं त्यांचं निरीक्षण होतं.

"मी म्हैस आहे का?" मी विचारलं.

"म्हशीचं कवा चुकलं न्हाई," बाबा म्हणाले.

अमावास्या आली आणि गेली. बाबांनी पौर्णिमा धरली. अंदाज सांगणारा प्रत्येक जण खात्रीनं सांगत होता, आणि दिवस उलटला की दुसराही तितक्याच खात्रीनं देत होता. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या कार्यालयात असंच चालतं.

श्रावण संपला आणि एका सकाळी माझं पोट थांबून थांबून कडक व्हायला लागलं. बाबांनी गाडी काढली. आई माझ्याशेजारी बसली, मांडीवर बाळंतपणाची पिशवी. ही पिशवी तिनं नागपंचमीलाच भरून ठेवली होती. तिच्या हिशेबानं तेव्हा सातवा नुकताच संपला होता, पण हिशेब आणि पिशवी या तिच्या दृष्टीनं वेगळ्या गोष्टी होत्या.

साताऱ्याला डॉक्टरबाईंनी तपासलं. भरपूर पाणी प्यायला लावलं, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला सांगितलं. चालता चालता पोट सैल झालं आणि परत कडक होईना.

"खोट्या कळा," त्या म्हणाल्या. "शरीर सराव करतंय. खऱ्या कळा पाणी पिऊन, चालून, कुशीवर झोपून थांबत नाहीत. त्या कंबरेतून निघून पुढे येतात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. तसं झालं की या. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कशाचीच वाट बघू नका, लगेच निघा."

नवरा दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, औषध देऊन कळा आणता येतात ना?"

"येतात. पण कशासाठी? आई चांगली आहे, बाळ चांगलं आहे. अजून तारीखही आलेली नाही. बाळ तयार झालं की आपणच सुरुवात करेल."

"माझी रजा संपत्येय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "तुमची रजा हे वैद्यकीय कारण होत नाही."

"व्हय मॅडम," तो म्हणाला. वरिष्ठांनी सांगितल्यावर म्हणावं तसं.

परतताना बाबांनी कंदी पेढे घेतले. साताऱ्यात आलोच आहोत, लागणारच आहेत, तर घेऊन टाकू, असं त्यांचं म्हणणं. गाडी आळीत शिरली, बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन उतरले आणि काकी हातातलं सूप टाकून आल्या.

"काय झालं? मुलगा का मुलगी?"

"काय न्हाई," बाबा म्हणाले. "नुसतं पेढं."

मागच्या दारातून मी पोटासकट उतरले. काकींनी माझ्याकडे बघितलं, पुड्याकडे बघितलं आणि पेढा घेतला. पेढे टिकणारे नव्हतेच. दोन दिवसांत आळीनं ते संपवले. खाताना प्रत्येकानं नवा अंदाज दिला.

गणपती बसले त्या दिवशी असंच पुन्हा एकदा झालं. पुन्हा गाडी, पुन्हा पिशवी, पुन्हा पाणी पिऊन चालणं आणि पुन्हा घरी. या वेळी पेढे घेतले नाहीत, पण आळीला ते कळलंच. दूध घालणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुजं पोर लय हुशार हाय. बापाची रजा संपायची वाट बघतंय." त्या हसत बोलल्या. नवरा गोठ्याकडे निघून गेला.

त्यानंतर मी ठरवलं की पूर्ण खात्री झाल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही.

दरम्यान नवऱ्यानं स्वतःला काम शोधलं होतं. बाबांच्या रानात वाघ्या घेवडा काढणीला आला होता आणि माणसं मिळत नव्हती. त्यानं एका सकाळी बाबांचे जुने कपडे मागून घेतले आणि त्यांच्याबरोबर गेला. आईनं दिवसभर तोंड फुगवून ठेवलं. जावयाला रानात राबवला असं लोक म्हणतील, ही तिची भीती. लोक म्हणालेही. पण संध्याकाळी परत आल्यावर त्यानं अंगणात मांडी घालून भाकरी, आमटी आणि कांदा मागितला, आणि आईनं ते वाढलं. त्या दिवसापासून गोड बंद झालं. तो पाहुणा राहिला नाही, हे दोघांनाही सोयीचं पडलं.

उपटलेला घेवडा अंगणात वाळत पडलेला असे. बियाण्यासाठी चांगल्या शेंगा बाजूला काढून त्या हातानं सोलायच्या, हे बसून करायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी तोही शेजारी येऊन सोलायला लागला. तपकिरी पट्ट्यांचे दाणे परातीत पडत. आम्ही फार बोलत नसू. लग्नानंतर इतके दिवस सलग एकत्र असण्याची आमची ती पहिलीच वेळ होती. मी हे तेव्हा मोजलं नाही, पण खरं होतं.

अशाच एका दुपारी त्याच्या जोडीदाराचा फोन आला. हा जोडीदार कराडजवळच्या मलकापूरचा, त्याच कंपनीतला. नवऱ्याचे हात शेंगांच्या धुळीनं माखलेले होते, म्हणून त्यानं मला फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं.

"काय रं गड्या, झाला का बा?"

"अजून न्हाई."

"मग रजा वाढवून माग की. सायेब देतील. मी बोलतो."

"आन तुजी?"

त्या दोघांच्या रजा एकमेकांना जोडलेल्या होत्या. एक परत आला की दुसरा सुटणार, असं ठरलं होतं. जोडीदाराच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यांना नेण्या-आणण्याला घरात दुसरं माणूस नव्हतं.

"आरं, डोळा काय पळून जातोय व्हय? म्हाताऱ्याला अजून चार दिस अंधुक दिसंल. तुजं पोर तर एकदाच व्हायचं."

"तारीख मिळालीया न्हवं ऑपरेशनची?"

"मिळालीया. पुढची घिऊ."

"नगं. मी येतोय," नवरा म्हणाला. "तुज्या बानं लय दिस काढल्यात."

"लय हट्टी हाईस बघ."

"व्हय."

फोन बंद झाला. ऑपरेशनला तारीख मिळते आणि तिच्यासाठी माणसानं वेळेवर पोचायचं असतं, ही गोष्ट आम्हा दोघांनाही समजत होती. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तरी त्या दुपारी दाण्यांपेक्षा फोलपटंच जास्त परातीत पडली, आणि आईनं ती संध्याकाळी पाखडून काढली.

आई अजूनही आपल्या हिशेबावर ठाम होती. पण आता ती गणपतीपुढे दिवा लावताना बराच वेळ उभी राहायची. मी विचारलं, काय मागतेस? ती म्हणाली, "माजा हिशेब चुकू दे म्हणून सांगतीय."

डॉक्टरांची तारीख आली आणि साध्या दिवसासारखी निघून गेली. त्याच्या गाडीला आता दोन दिवस राहिले होते. सकाळी तोंड धुताना माझ्या कंबरेत दुखलं. मग पुढे आलं. थांबलं. चहा झाला आणि पुन्हा तसंच झालं. मी कुणाला सांगितलं नाही. बातमी दोन ठिकाणांहून पक्की केल्याशिवाय छापत नाहीत. मी दुसऱ्या ठिकाणाची वाट पाहत राहिले. कळांच्या बाबतीत असं दुसरं ठिकाण नसतं, हे काही माझ्या ध्यानात येत नव्हतं. शिवाय दोनदा हात हलवत परत आल्यावर तिसऱ्यांदा आळीसमोरून गाडीत बसणं नकोसं वाटत होतं. मी परात घेऊन अंगणात बसले. नवरा रानात जायला निघाला होता. मला बघून तो थांबला आणि शेजारी बसला.

बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर तो म्हणाला, "आत्ता परत थांबला."

"काय थांबलं?"

"तुझा हात. मघापासून थांबतोय. आधी ढीग अर्धा झाला की थांबायचा. आता मूठभर शेंगा झाल्या की थांबतोय."

मी हाताकडे पाहिलं. अर्धी सोललेली शेंग बोटांत होती.

"पहाऱ्यावर तेवढंच काम असतं," तो म्हणाला. "बघत बसायचं. कंबरेतून येतंय?"

"हो."

"पाणी पी."

त्यानं तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायले. मग आम्ही वाळत घातलेल्या घेवड्याभोवती फेऱ्या मारल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्यानं क्रमानं लक्षात ठेवलं होतं. दुखणं थांबलं नाही. उलट एका फेरीत मला त्याचा दंड धरून उभं राहावं लागलं. कळ जाईपर्यंत तो दंड ताठ ठेवून उभा राहिला. मग बाबांना हाक मारली, "मामा, गाडी काढा."

आई दारात आली. "परत?"

"परत," नवरा म्हणाला.

"ह्या बारीला पेढं घेणार न्हाई मी," बाबा म्हणाले आणि किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

साताऱ्यात शिरताना एका मंडळाचा मांडव रस्त्यावर निम्म्यापर्यंत आलेला होता आणि दोरी लावून वाट बंद केली होती. बाबांनी काच खाली करून काही सांगायच्या आत एका कार्यकर्त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, मागं वळून ओरडून सांगितलं आणि दोरी सुटली. ढोलाचा सराव चालू होता, तो आमची गाडी जाईपर्यंत थांबला. आईनं जाता जाता खिडकीतून गणपतीला हात जोडले.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "आज परत जायचं नाही."

पुढचं मला सलग आठवत नाही. आठवतं ते तुकड्यांत. छताचा पंखा, डॉक्टरबाईंचा शांत आवाज, नर्सचं मनगट आणि त्यावर माझी बोटं. दुपार कलायच्या आत मुलगी झाली. ती पहिल्यांदा रडली तेव्हा मला हसू आलं, आणि नर्सनं विचारलं, "काय झालं?"

बाहेर काय झालं ते मला आईकडून कळलं. नवऱ्याला आत येऊ दिलं नव्हतं. तो दारापासून हातभर अंतरावर सरळ उभा होता, कुणी बस म्हटलं तरी बसला नाही. रडण्याचा आवाज आला तेव्हा त्यानं टोपी काढली. टोपी डोक्यावर का होती, हे आईला सांगता येत नाही. नर्स बाळाला दुपट्यात घेऊन बाहेर आली तेव्हा आईनं हात पुढे केले होते. मग तिनं ते मागे घेतले.

"आधी त्यास्नी द्या," ती म्हणाली. "त्यासाठीच थांबल्यात ते."

"कशी धरू?" नवऱ्यानं विचारलं.

"रायफल धरता ना?" नर्स म्हणाली. "त्यापेक्षा हलकी आहे."

बाबा तोवर जिना उतरून गेले होते. थोड्या वेळानं ते पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले, आणि मुलगी झाल्याचं कळल्यावर बर्फीही आणायला परत खाली गेले. मग दोन्ही पुडे एकत्र करून त्यांनी दवाखान्यात भेटेल त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या शिराळ्याहून एसटीनं आल्या. त्यांनी नातीचं तोंड पाहिलं, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग आईकडे वळल्या.

"म्हणलं न्हवतं का मी? अधिक धरून नऊ म्हैनं आन वर नऊ दिस. बसला का हिशेब?"

आईनं बोटांवर मोजून बघितलं. हिशेब जवळजवळ बसत होता. तिला ते मान्य करायला थोडा वेळ लागला.

"बसला. मग लेकाला तीन आठवडं आधी का धाडलंसा?"

आत्यांनी नातीचं दुपटं नीट केलं. "पोर झाल्यावर समदीच येत्यात. वाट बघायला कोण असतंय?"

त्यांनी रजा मुद्दाम लवकर घ्यायला लावली होती, की लागणं आणि भरणं यांतली चूक त्या आता झाकत होत्या, हे मला ठरवता आलं नाही. वर्तमानपत्रात खुलासा वेगळा छापतात आणि चूकदुरुस्ती वेगळी. हे कोणत्या सदरात घालावं ते कळलं नाही. आई मात्र हसली. त्यानंतर दोघी एकाच बाकावर बसून एका पुड्यातली बर्फी खात होत्या.

नवऱ्याकडे तो एक दिवस पुरा होता. त्यात विशेष काही घडलं नाही. त्यानं दुपटी धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. या वेळी आईनं त्याला अडवलं नाही. बाळाला गुंडाळायला तो नर्सकडून शिकला आणि माझ्यापेक्षा चांगलं गुंडाळायला लागला. घडी पक्की, कोपरे आत. दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला, मुलगी त्याच्या छातीवर. ती मधून मधून हलली की झोपेतच त्याचा हात तिच्या पाठीवर यायचा. मी खाटेवरून दोघांकडे बघत होते. तेव्हा कुणीही काही विचारू नये असं वाटत होतं, आणि कुणी विचारलंही नाही.

जायच्या दिवशी तो बॅग घेऊनच दवाखान्यात आला. स्टेशनला पोचवायला बाबा खाली थांबले होते. त्यानं मुलीला घेतलं, खिडकीशी नेलं, परत आणलं. मग ती झोपलीय म्हटल्यावर तिला खाली कसं ठेवावं ते त्याला सुचेना. आत्यांनी हात पुढे केले आणि तिला अलगद घेतलं.

पलीकडच्या खाटेवर एक बाई होती, तारीख उलटून गेलेली. तिची आई दोन दिवस आमच्याकडे कान देऊन बसली होती. नवरा बॅग उचलत असताना तिनं त्याला विचारलं, "आवं फौजी, तुमी कसं वळखलंसा कळा खऱ्या हायत म्हणून?"

"शेजारी बसलो होतो," तो म्हणाला.

मग तिनं पदराआडून मोबाइल काढला आणि जावयाला लावला. तो खाली चहाच्या गाड्यावर होता. जिना धावत चढून तो दारात आला, तोंड उतरलेलं, दम लागलेला.

"काय झालं? सुरू झालं का?"

"काय न्हाई झालं," ती म्हणाली. "या, बसा हितं."

त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग सासूकडे. स्टूल ओढलं आणि खाटेला लागून बसला. नवऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जिन्याकडे वळला. गाडीला अजून वेळ होता, पण तो वेळेच्या आधी निघणारा माणूस आहे. मुलगी आत्यांच्या मांडीवर झोपली होती. ती उठली तेव्हा गाडी साताऱ्याच्या पुढे गेली असावी. तिला भूक लागली होती.